धरणावरचं विंडसर्फिंग: अंदाज १४ नॉटचा, पाण्यावर कधी ८ कधी २०, शीड स्थिर कसं ठेवायचं?

सिंदफणाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही माजलगावच्या धरणावर विंडसर्फिंग करणारे तिघंचौघं, सगळे इकडचेच. परवानगी काढलेली आहे, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी उतरत नाही आणि काठावर एकजण फोन घेऊन थांबतो, म्हणून ते सोडून थेट मुद्द्यावर येतो.

माझं वजन ७२, बोर्ड १३० लिटरचा, शीड ६.५ चौरस मीटरचं, बिनकॅमचं (मास्टला टेकणारे कॅम नसलेलं, साधं). उन्हाळ्यात दुपारी तीन ते सहा वारा असतो. ॲपवर पश्चिमेचा १४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) दिसतो, आम्ही जातो, आणि पाण्यात उतरल्यावर दोन-दोन मिनिटं ८ सुद्धा लागत नाही, मग एकदम २० चा झोत येतो आणि मागचा हात असा ओढला जातो की शीड धरूच देत नाही, सोडलं तर मागं पाण्यात, धरलं तर तोंडावर. हार्नेस लाइन (कमरेच्या पट्ट्याचा हूक अडकवायच्या दोऱ्या) पुढं घेऊन बघितल्या मागं घेऊन बघितल्या, झोत आला की परत तेच.

तर दोन प्रश्न आहेत. हा शिडाचा दोष की वाऱ्याचा? आणि अंदाज आपल्या जागेसाठी दुरुस्त कसा करायचा? एकानं सांगितलं की ॲपच्या आकड्याला ०.७ नं गुण आणि मोकळा हो. ते करून बघायलोय, काही दिवशी बरोबर येतं, काही दिवशी सपशेल चुकतं. त्यात दोन ॲप दोन आकडे सांगतात. समुद्रावरची माहिती ढीगभर आहे पण मराठवाड्यातल्या धरणावर कुणी लिहीत नाही म्हणून धागा काढलाय. सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

निळं_शीड
चांगला धागा काढलात. मी संभाजीनगरची, शिकले गोव्यात, आता आपल्याकडच्या तलावांवरच करते. आधी शिडाचं बोलू.

शीड स्थिर आहे म्हणजे काय, तर झोत आला तरी जोराचा मध्यबिंदू जागचा हलत नाही. शिडाला जे पोट असतं, ड्राफ्ट म्हणतात ते, त्याची सगळ्यात खोल जागा मास्टपासून, म्हणजे शिडाच्या उभ्या दांड्यापासून, साधारण पस्तीस-चाळीस टक्क्यांवर पाहिजे. वारा वाढला की हे पोट मागं सरकायला बघतं आणि सरकलं की सगळा भार मागच्या हातावर, ट्रॉलीत ऊस मागं भरला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं तसंच. मग हार्नेस लाइन कुठंही बांधा, मध्यबिंदूच फिरता असेल तर कुठलीच जागा बरोबर येणार नाही. तुमच्या वर्णनावरून मला शंभर टक्के हेच वाटतंय.

याचं कारण बहुतेक वेळा डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टवर खाली ओढणारी दोरी, कमी ओढलेला असणं. डाउनहॉल ओढला की मास्ट वाकतो, पुढचा भाग ताणला जातो, पोट पुढंच अडकून राहतं आणि वरच्या दोन-तीन बॅटनमधली (शिडातल्या आडव्या पट्ट्यांमधली) मागची कड ढिली पडते. ही ढिली कड फार महत्त्वाची आहे. झोत आला की शिडाचं डोकं थोडं उघडतं, पीळ पडतो, आणि जास्तीचा वारा वरून निघून जातो, तुमच्या हातापर्यंत येतच नाही. जमिनीवर आडवं ठेवल्यावर ती सैल कड बघून नवीन माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय, म्हणून तो ओढायचं थांबतो. बहुतेक शिडांवर वर खुणा असतात, ढिलेपणा कुठपर्यंत यायला पाहिजे त्याच्या, तिथपर्यंत ओढा. नुसत्या हातानं होत नाही, हँडल किंवा चकरीचं टूल घ्या.

आउटहॉल, म्हणजे शीड हातातल्या दांड्याच्या मागच्या टोकाकडं ओढणारी दोरी, त्याचं उलटं. तो फार ताणला तर खालचं पोट सपाट होतं आणि वारा पडला की बोर्ड उभाच राहतो. आपल्याकडं वारा वरखाली फार, म्हणून मी डाउनहॉल झोतासाठी लावते आणि आउटहॉल पडलेल्या वाऱ्यासाठी, म्हंजे पहिला भरपूर आणि दुसरा दोन-तीन सेंटीमीटरच. दोन्ही एकदम ताणून ठेवतात ते मला पटत नाही.

मास्ट कुठला आहे ते लिहा, लांबी आणि त्यावरचा आयएमसीएस आकडा, आणि शिडावर काय छापलंय तेही.

सिंदफणाकाठ
ताई खूप आभार. मास्ट ४३० सेंटीमीटरचा, आयएमसीएस २१, खाली लांबी वाढवायचं एक्स्टेन्शन ३२ वर लावतो. शिडावर छापलंय लफ (मास्टकडच्या कडेची लांबी) ४६२, मास्ट ४६०. सेकंडहँड सेट घेतला तेव्हा विकणारा म्हणला ४३० चालतो म्हणून.

निळं_शीड
चालतो, पण धरत नाही. आयएमसीएस म्हणजे मास्ट किती ताठ त्याचा आकडा, ४०० ला साधारण १९, ४३० ला २१, ४६० ला २५. तुमच्या शिडाला २५ पाहिजे आणि तुम्ही २१ देताय. मऊ मास्ट झोतात आणखी वाकतो, वाकला की पुढचा कपडा सैल, पोट मागं. एवढंच नाही तर ३२ चं एक्स्टेन्शन म्हणजे खालचा भाग न वाकणारा आणि वरचा जास्त वाकणारा, शिडाची शिलाई ज्या वळणासाठी केलीय ते वळण मिळतच नाही. वळणाचेही प्रकार असतात, कुणाचं टोक ताठ, कुणाचं मऊ, कुणाचं एकसारखं, ते शिडाच्या कंपनीनं सांगितलेलंच घ्यावं. माझं स्पष्ट मत आहे, पैसे नवीन शिडावर घालू नका, बरोबरच्या मास्टवर घाला. जुनं शीड आणि बरोबर मास्ट हे नवीन शीड आणि चुकीच्या मास्टपेक्षा कधीही जास्त स्थिर राहतं.

तोपर्यंत ४३० वरच डाउनहॉल अजून एक-दोन सेंटीमीटर ओढून बघा, फरक लगेच कळेल.

औसेकर
शिडाचं ताईंनी बरोबर सांगितलंय. वाऱ्याचं मी सांगतो, मी निम्न तेरणाला माकणीकडं जातो. ०.७ चंच गणित मी पण वापरतो आणि मला चालतं. एवढ्या खोलात जायची गरज नसते, गणित करत बसलं तर वारा पडून जातो.

ज्वारी_हरभरा
औसेकर दादा, थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नका. मी विंडसर्फिंग केलेलं नाही, परभणीला कृषी विद्यापीठात हवामान शिकतो, वारा मोजणं हे रोजचं काम आहे.

ॲपमधला आकडा कशाचा असतो ते आधी बघू. तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो आणि एका मोठ्या चौकटीची सरासरी असतो. अमेरिकेच्या जीएफएस या हवामान मॉडेलची चौकट पाव अंशाची, म्हणजे आपल्याकडं साधारण २७ किलोमीटर. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ ९ किलोमीटरचं, जर्मनीचं आयकॉन १३ चं. २७ किलोमीटरच्या चौकटीत माजलगावचं पाणी, आजूबाजूचा ऊस, कापूस, गावं, सगळं एकत्र मिसळून एकच जमीन धरलेली असते. दोन ॲप दोन आकडे सांगतात त्याचं मोठं कारण हेच, जमीन किती खडबडीत धरायची आणि वरचा वारा खाली किती आणायचा हे प्रत्येक मॉडेल आपापल्या पद्धतीनं ठरवतं. विंडी किंवा विंडगुरू ॲपवर कुठलं मॉडेल निवडलंय ते बघा आणि एकाच मॉडेलवर टिकून राहा, नाहीतर तुमच्या नोंदींना अर्थ राहणार नाही.

आता ०.७. शेतीत पाण्याची गरज काढताना १० मीटरवरचा वारा २ मीटरवर आणायला जे सूत्र वापरतात त्यात आखूड गवतावर ०.७५ येतं. हा ०.७ बहुतेक तिथूनच फिरत आला असावा. पण ते गवतावर आहे. मोकळ्या पाण्यावर पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तिथं २ मीटरवर १० मीटरच्या ०.८५ पर्यंत वारा मिळतो. आणि उसाच्या मागं उभं राहिलात तर गोष्टच वेगळी, तीन मीटर उभ्या उसात वाऱ्याच्या दृष्टीनं जमीनच दोन मीटर वर उचलली जाते, वर पानांचा खडबडीतपणा राहतो तो वेगळा. तोच ऊस गळीत हंगामात तुटला की मार्चमध्ये त्याच काठावर त्याच दिशेनं वारा जास्त लागतो, अंदाज मात्र बदललेला नसतो कारण मॉडेलला तुमच्या काठचा ऊस दिसत नाही.

सिंदफणाकाठ, तुम्ही पाण्यात कुठून उतरता? वारा कुठून येतो आणि मधी काय आहे?

सिंदफणाकाठ
पश्चिमेच्या बाजूनं उतरतो, तिकडं गाडी पाण्यापर्यंत जाते. मागं ऊस आहे आणि काठाला येड्या बाभळींची रांग.

ज्वारी_हरभरा
मग अर्धं उत्तर तिथंच आहे. आडोशाचा परिणाम उंचीच्या वीस-तीस पट अंतरापर्यंत पुढं जातो. बाभळी आठ-दहा मीटरच्या धरा, म्हणजे काठापासून दोनशे ते तीनशे मीटर पाण्यात वारा तुटका आणि गिरक्या घेत येणार. तुम्ही ज्या पट्ट्यात शिकताय तो सगळा त्याच सावलीत. तेवढं ओलांडून आत गेलात की वारा वाढतो पण आणि एकसारखा पण होतो.

निळं_शीड
आणि हे सुरक्षेचंही आहे, दादा. पश्चिमेच्या काठावरून पश्चिमेच्या वाऱ्यात उतरणं म्हणजे वारा तुम्हाला काठापासून लांब ढकलतोय. काही तुटलं तर परत कसं येणार? वारा काठाला समांतर किंवा तिरका काठाकडं येईल अशी जागा शोधा, गाडीपासून सामान थोडं उचलून न्यावं लागलं तरी चालेल. शिडाचे सगळे प्रयोग तिथं करा.

पाटोद्याचा_पवन
धागा वाचून राहवलं नाही. मी बालाघाटावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. आमच्याकडं लोक म्हणतात बघा वरी चक्क्या कशा फिरायल्यात, मग खाली धरणावर वारा का नाही. रात्री हे फार जाणवतं. सूर्य मावळला की जमीन पटकन थंड होते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन बसते आणि वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटतो. ऐंशी-शंभर मीटरवर चांगला ९-१० मीटर प्रतिसेकंद वारा, म्हणजे १८-२० नॉट, आणि खाली लिंबाचं पान हलत नाही. सकाळी नऊ-दहापर्यंत असंच. ऊन तापलं की जमिनीवरची हवा वर उठते, तिच्या जागी वरचा जोराचा वारा खाली येतो, म्हणून तुम्हाला दुपारी वारा मिळतो. पण तो सरळ येत नाही, गोळ्या-गोळ्यानं येतो. सिंदफणाकाठचे ८ आणि २० मला यातूनच आलेले वाटतात.

म्हणून चक्क्या बघून धरणावर जाऊ नका. त्या डोंगराच्या माथ्यावर असतात, तिथं वारा चढताना दाबला जाऊन वाढतो, खोऱ्यात ते होत नाही.

अजून एक, आम्ही विजेचा हिशोब करताना हवेची घनता धरतो, तुम्ही पण धरा. प्रमाण घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर, ती समुद्रसपाटीला १५ अंशावरची. आपलं धरण चारशे-साडेचारशे मीटर उंचीवर, मे महिन्यात दुपारी ४० अंश, तिथं १.०६ च्या आसपासच येते. गोव्याच्या समुद्रावर १.१५ वगैरे असते. शिडावरचा जोर घनतेच्या प्रमाणात, म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात आठेक टक्के जोर कमी. ताईंना गोव्याच्या हिशोबानं लावलेलं शीड इथं उन्हाळ्यात थोडं लहान वाटत असणार.

निळं_शीड
हो पवनभाऊ, वाटतं! मी समजायचे की गोड्या पाण्यामुळं किंवा लाटा नसल्यामुळं वाटत असेल. हे कारण आजच कळलं. पण एक सांगते, घनतेचा फरक वाऱ्यात मोजला तर १५ नॉटला साधारण ०.६ नॉट होतो, झोताचा फरक त्याहून कितीतरी मोठा. जोर वाऱ्याच्या वर्गानं वाढतो, १३ वरून २० ला गेला की जोर दुपटीपेक्षा जास्त, २.४ पट. म्हणून शीड किती मोठं यापेक्षा ते झोतात उघडतंय की नाही हे आधी बघा. सरासरीला पुरेल एवढं मोठं शीड घेऊन डाउनहॉल ढिला ठेवणं हे आपल्या वाऱ्यात सगळ्यात वाईट.

ज्वारी_हरभरा
पवनभाऊंनी जे गोळ्या-गोळ्यानं म्हणलंय तेच अंदाजात बघायची सोपी जागा आहे. विंडीत उंची बदलता येते, ती हवेच्या दाबाच्या आकड्यानं (हेक्टोपास्कल) सांगतात. ९२५ हेक्टोपास्कलचा वारा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचा, आपली जमीन चारशेच्या वर, म्हणजे तो आपल्या डोक्यावर तीनशे मीटरवरच आहे. ८५० चा साधारण एक किलोमीटरवर. एप्रिल-मेच्या दुपारी हवा एवढी घुसळते की एक किलोमीटरवरचा वारा सहज खाली पोचतो. मग बघा, जमिनीवर १४ आणि ८५० ला २२ असेल तर झोत २० च्या पुढं येणार, शीड त्या हिशोबानं लावा. जमिनीवर १४ आणि ८५० ला पण १३-१४ असेल तर दिवस बऱ्यापैकी एकसारखा जाईल. सिंदफणाकाठ, तुमच्या चुकलेल्या दिवसांत ८५० चा आकडा काय होता ते जुन्या नोंदीत सापडतं का बघा.

ढगाळ दिवशी हे घुसळणं कमी होतं, म्हणून तोच १४ चा अंदाज कमी मिळतो पण शांत मिळतो.

औसेकर
हे पटलं. पण मग जुलै-ऑगस्टला माझं ०.७ कसं काय चालतं? तेव्हा तर मी डोळे झाकून जातो आणि वारा तेवढाच मिळतो.

ज्वारी_हरभरा
बरोबर आहे तुमचं, तेव्हा चालणारच. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा खालच्या थरातला जोराचा पश्चिमी प्रवाह असतो, त्याचा गाभा साधारण ८५० च्याच आसपास. दिवसभर एकच दिशा, वर ढग, ऊन कमी, आणि वारा स्वतःच्या जोरानं खालपर्यंत घुसळत येतो, उन्हावर अवलंबून नसतो. त्यामुळं अंदाज आणि प्रत्यक्ष यांचं प्रमाण दिवसादिवसाला फारसं बदलत नाही. तुमच्या जागेला, तुमच्या दिशेला, तुमच्या महिन्यांत ०.७ बरोबर बसलंय. तेच घेऊन कुणी एप्रिलमध्ये माजलगावला गेला तर फसणार. ऑक्टोबरनंतर वारा पूर्वेचा-ईशान्येचा होतो, तेव्हा त्याच काठाचा आडोसा पण उलटा होतो, परत नवीन आकडा.

म्हणून एक गुणक नको, दिशेप्रमाणं आणि वेळेप्रमाणं वेगळे ठेवा. वहीत दर वेळी लिहा, अंदाज किती होता, दिशा, ८५० चा वारा, ऊन की ढग, आणि पाण्याजवळ मोजलेला. मोजताना एक चूक सगळे करतात, हातातलं यंत्र वर धरून सगळ्यात मोठा आकडा लिहितात. मॉडेलचा वारा हा काही मिनिटांची सरासरी असतो, आणि झोत म्हणजे तीन सेकंदांची. दहा मिनिटांची सरासरी घ्या, झोत वेगळा लिहा. वारा ज्या काठाकडं येतो तिथं मोजा, आडोशात नको. आणि प्रमाण काढताना सरासरीऐवजी मधला आकडा घ्या, एखादा वादळाचा दिवस सगळं बिघडवून टाकतो.

भोईवाडा
आमचा मासेमारीचा धंदा हाय, याच बाजूच्या धरणात. तुमचं ते आकड्याचं मला नाही समजत पर पाण्यावरचं सांगतो. झोत येताना दिसतो. पाणी लांबून काळं पडत येतं, बारीक बारीक सुरकुत्या. तो पट्टा तुमच्यापासून किती लांब हाय ते बघायचं, तुमच्या अंगावर यायला वेळ लागतो, तेवढ्यात अंग मागं घालून तयार राहायचं. आम्ही थर्माकोलच्या तराफ्यावर बसतो, आम्हाला ते बघावंच लागतंय.

उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं आणि गाळपेर उघडी पडती तिथं वावटळी उठायल्या की समजायचं वारा आज सरळ लागायचा नाही. आणि वळवाचं आभाळ. दुपारी चारच्या पुढं ढग उभा राहिला आणि चाललेला वारा एकदम गप झाला तर बाहीर या. गप झाला म्हणून थांबू नका. त्याच्या मागून ढगाच्या बाजूनं गार वारा येतो तो उलट्या दिशेचा असतो आणि तराफे उचलून टाकतो. तुमचं शीड तर काय.

अजून, जाळी संध्याकाळी लावतोत आणि सकाळी काढतोत, बाटल्या बांधलेल्या असतात खुणेला, त्याच्या आतून जाऊ नका. पाणी कमी झालं की जुन्या झाडांची खोडं, विहिरीचे कठडे वर येतात, कुठं हाय ते आम्हाला माहीत हाय, विचारून जात जा, कुणी नाही म्हणणार नाही.

निळं_शीड
दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा आहे. फिन, म्हणजे बोर्डाखालचं पातं, पाण्याखाली फूट-दीड फूट असतं, खोड लागलं तर फिन, बोर्ड आणि माणूस तिन्ही जातं.

वळवाबद्दल अजून एक. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं केलेलं दामिनी ॲप फोनवर ठेवा, आसपास वीज पडतेय का दाखवतं. मास्ट कार्बनचा असतो आणि पाण्यावर सगळ्यात उंच आपणच असतो. काठावर जो थांबतो त्याच्याकडं हे ॲप पाहिजे, पाण्यातल्या माणसाकडं असून उपयोग नाही.

उदगीरचा_मुसाफिर
वाचून मजा आली. एक प्रश्न, एवढं सगळं छोट्या धरणांवर का, सरळ पैठणला नाथसागरावर का जात नाही? केवढं मोठं पाणी आहे.

निळं_शीड
मोठं आहेच, भरल्यावर साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर. पण नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येतात, रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उतरतात, आणि शीड बघून ते उठतात, परत बसायला खूप वेळ घेतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं उतरायचं नाही, आणि मला विचाराल तर मागू पण नये. आपल्याला वारा दुसरीकडं मिळतो, त्यांना तसं पाणी दुसरीकडं नाही.

शिवाय मोठं पाणी म्हणजे मोठ्या लाटा. जितकं लांब पाणी वाऱ्याच्या वाटेत, तितकी लाट चढते.

पाटोद्याचा_पवन
पाण्याच्या पातळीचं कुणी बोललं नाही अजून. आपल्याकडं हे फार बदलतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा मांजरा धरणात पाणी नव्हतंच. साठा ९० टक्के असताना पाणी काठाच्या बरोबरीनं असतं, वारा सरळ येतो. साठा २० टक्क्यांवर आला की पाणी खाली खड्ड्यात आणि जुना काठ पाच-सात मीटर वर, तोच आडोसा होतो. वहीत साठ्याची टक्केवारी पण लिहा, रोज पेपरात येते.

ज्वारी_हरभरा
एकदम बरोबर. आणि उघडी पडलेली गाळाची जमीन ऊन्हात पाण्यापेक्षा खूप तापते, त्यामुळं दुपारी पाण्याकडून जमिनीकडं हलका वारा सुटतो. मूळ वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेच्या काठाजवळ तो त्यात मिळतो आणि पश्चिमेच्या काठाजवळ त्याच्या विरुद्ध जातो. फार नसतो, पण १० नॉटच्या दिवशी दोन नॉट कमी की जास्त यावर तुमचा बोर्ड धावणार की नाही ते ठरतं.

सिंदफणाकाठ
मंडळी, मधी लिहायला वेळ झाला नाही पण सगळं करून बघितलंय. ओळखीच्याकडून ४६० चा मास्ट आणला, आयएमसीएस २५, डाउनहॉल टूल लावून खुणेपर्यंत ओढला, वरच्या तीन बॅटनमधली कड पार लोंबायला लागली, आउटहॉल दोन सेंटीमीटर. उतरायची जागा दक्षिणेच्या बाजूला नेली, वारा काठाला समांतर येतो. भोईवाडा दादांच्या गावातल्या एकाला विचारून खोडांची जागा बघून घेतली.

झोत अजून येतात, २० चेच येतात. पण आता झोत आला की शिडाचं डोकं मागं उघडताना डोळ्यानं दिसतं आणि जोर पुढं बोर्डात जातो, मागच्या हाताला तो हिसका राहिला नाही. हार्नेस लाइन एका जागी बांधल्यात आणि तिथंच राहिल्यात. वारा पडला की अजून थांबायलाच लागतं, त्याला मोठ्या बोर्डाशिवाय इलाज दिसत नाही.

८५० चं जुळलं. माझ्या जुन्या नोंदीत ज्या दिवशी ०.७ चुकलं होतं ते बहुतेक सगळे वर जोराचा वारा असलेले दिवस निघाले. आता एप्रिल-मे दुपारचा पश्चिमेचा वारा म्हणून वेगळा रकाना केलाय, त्यात सरासरी ०.८ च्या जवळ यायलीय आणि झोत ८५० च्या आकड्याला जवळजवळ टेकतो. पावसाळ्याचा रकाना रिकामा आहे, भरला की इथं टाकतो. औसेकर दादा, तुमचे माकणीचे जुलैचे आकडे असतील तर द्या, ताडून बघू.

औसेकर
देतो. वहीत दिशा लिहिलेली नाही पण तेव्हा पश्चिमच असते. या पावसाळ्यापासून साठा आणि झोत पण लिहितो.

उदगीरचा_मुसाफिर
शेवटचं विचारतो, आम्ही दोघं मिळून एक सेट घ्यायलोत. शीड गाडीच्या टपावर बांधून ठेवलं तर चालतं का? घरात जागा नाही.

निळं_शीड
नका ठेवू. शिडाचा पारदर्शक प्लास्टिकचा भाग, मोनोफिल्म, ऊन्हानं कडक होते आणि एका दिवशी झोतात सरळ फाटते, आपल्याकडच्या उन्हात तर लवकर. पाण्याबाहेर आलात की दहा मिनिटं जरी थांबायचं असेल तरी सावलीत ठेवा, किंवा डाउनहॉल आणि आउटहॉल ढिले करून पालथं घाला. घरी नेताना पूर्ण कोरडं करून, डोक्याकडून गुंडाळत, घडी न घालता पिशवीत. बॅटनचा ताण फार दिवस वापरायचं नसेल तर थोडा सोडा आणि परत लावताना कापडावरच्या उभ्या सुरकुत्या जाईपर्यंतच ताणा. गाळाचं पाणी असेल तर मास्टचे दोन तुकडे जुळतात ती जागा गोड्या स्वच्छ पाण्यानं धुवा, तिथं वाळू अडकली की दोन माणसं ओढूनही सुटत नाही. जागा पलंगाखाली होते, ६.५ चं गुंडाळलेलं शीड दोन मीटरच्या आसपासच असतं.